शेजाऱ्यांच्या भरवशावर चालणारं गणित आणि त्याला जुळणारी यंत्रं

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठ सोडून वस्त्यांमध्ये शिरली. अंबाझरी लेआउटपासून सीताबर्डीच्या मोरभवन बसस्टँडपर्यंत पाणीच पाणी झालं. अशा वेळी विचारण्यासारखा प्रश्न एकच असतो: पुढच्या तासाभरात कोणत्या गल्लीत किती पाणी चढेल? हे गणित करता येतं, आणि त्याची रीत शाळकरी मुलालाही समजेल इतकी साधी आहे. अडचण वेळेची आहे. उत्तर पाण्याच्या आधी पोहोचलं तरच त्याचा उपयोग. म्हणून इथे पुराच्या गणितापेक्षा ते वेळेत पुरं करणाऱ्या यंत्रांबद्दल जास्त लिहितो आहे.

आधी गणिताची रीत पाहू. शहराच्या नकाशावर सारख्या मापाचे चौकोन आखा. प्रत्येक चौकोनाने दोनच आकडे लक्षात ठेवायचे: आपली जमीन किती उंच आहे आणि तिच्यावर किती पाणी साचलं आहे. नियमही एकच. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा चार शेजाऱ्यांकडे बघायचं. ज्याच्या पाण्याची पातळी आपल्यापेक्षा खाली असेल त्याला फरकाच्या प्रमाणात थोडं पाणी द्यायचं, पण आपल्याजवळ आहे त्यापेक्षा जास्त नाही. सगळ्या चौकोनांनी हे एकाच क्षणी करायचं. मग पुढच्या क्षणी पुन्हा तेच. अशा पद्धतीला सेल्युलर ऑटोमाटा म्हणतात. अंबाझरी कुठे आहे, नाग नदी कुठून वाहते, यातलं कोणत्याही चौकोनाला काहीच माहीत नसतं. तरी काही हजार फेऱ्यांनंतर पाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत नेमकं नदीच्या पात्रात गोळा झालेलं दिसतं. मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

ही कल्पना 1940 च्या दशकातली, अमेरिकेत लॉस अलामोस इथे काम करणाऱ्या गणितज्ञ स्टानिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांची. स्वतःची नक्कल स्वतः तयार करू शकेल असं यंत्र असू शकतं का, या प्रश्नाचं उत्तर शोधताना फॉन नॉयमन यांनी प्रत्येकी 29 अवस्था घेऊ शकणारे चौकोन वापरले. 1970 मध्ये गणितज्ञ जॉन कॉन्वे यांचा 'गेम ऑफ लाइफ' हा चौकोनांचा खेळ प्रसिद्ध झाला आणि विषय घराघरांतल्या हौशी लोकांपर्यंत गेला. आज हीच पद्धत जंगलातला वणवा, रस्त्यावरची वाहतूक, स्फटिकांची वाढ अशा कितीतरी ठिकाणी वापरतात. पुरासाठी इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठातल्या 'कॅडीज' प्रकल्पाने तिचा चांगला उपयोग केला आहे.

आता नागपूरचे आकडे मांडून बघू. महापालिकेचं क्षेत्र सुमारे 227 चौरस किलोमीटर. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर मिळणारा जमिनीच्या उंचीचा कार्टोडेम नकाशा 30 मीटरच्या चौकोनांचा आहे. त्या मापाने शहरात साधारण अडीच लाख चौकोन बसतात. पण 30 मीटरच्या एका चौकोनात आख्खी गल्ली, दोन्हीकडची घरं आणि मागची नालीसुद्धा मावते. पाणी घराच्या जोत्याला लागलं की गल्लीतच राहिलं, हे त्यातून कळणार नाही. त्यासाठी दोन मीटरचे चौकोन हवेत, म्हणजे जवळपास 5.7 कोटी.

चौकोन लहान केला की वेळेचे टप्पेही लहान करावे लागतात. एका टप्प्यात माहिती फक्त लगतच्या शेजाऱ्यापर्यंत जाते. खऱ्या पाण्याची लाट तेवढ्याच वेळात दोन चौकोन ओलांडत असेल तर गणित मागे पडतं आणि पाण्याचे आकडे भलतेच वरखाली उड्या मारू लागतात. मीटरभर खोल पाण्यात लाट सेकंदाला सुमारे तीन मीटर सरकते. म्हणून दोन मीटरच्या चौकोनासाठी अर्ध्या सेकंदाचा टप्पा धरू. सहा तासांच्या पुराला 43,200 टप्पे लागले. त्याला 5.7 कोटींनी गुणलं की सुमारे 2.45 लाख कोटी वेळा तो साधा नियम लावावा लागतो. प्रोसेसरचा एक कोअर (त्यातला स्वतंत्रपणे गणित करणारा एक भाग) सेकंदाला पाच कोटी चौकोन उरकतो असं धरलं, तरी साडेतेरा तास जातात. सहा तासांचा पूर, साडेतेरा तासांचं भाकीत! चौकोनाची बाजू आणखी निम्मी केली तर चौकोन चौपट, टप्पे दुप्पट, म्हणजे काम आठपट.

सगळे चौकोन एकच नियम पाळतात आणि एका टप्प्यात कोणी कोणासाठी थांबत नाही. तेव्हा भरपूर प्रोसेसर कामाला लावले की झालं, असं कोणालाही वाटेल. पण नियमातली आकडेमोड बघा: चार वजाबाक्या, काही तुलना, थोडे गुणाकार. आजच्या प्रोसेसरला हे काहीच नाही. त्याचा वेळ जातो चौकोनाचे आणि शेजाऱ्यांचे आकडे मेमरीतून आणण्यात आणि नवा आकडा परत ठेवण्यात. पंगतीत वाढपी पन्नास उभे केले, पण भट्टीवरून भाजीचं पातेलं एकच माणूस आणत असेल, तर पंगत त्या एकाच्या चालीनेच पुढे सरकणार.

आकड्यांत सांगायचं तर प्रत्येक चौकोनामागे जमिनीची उंची, जुनं पाणी आणि नवं पाणी असे तीन आकडे, प्रत्येकी चार बाइट. म्हणजे आख्ख्या शहराचे सुमारे 68 कोटी बाइट. प्रोसेसरला अगदी चिकटून असलेली कॅश मेमरी साधारणपणे काही मेगाबाइट ते काही दहा मेगाबाइट असते, तिच्यात हे मावत नाही. त्यामुळे प्रत्येक टप्प्याला 68 कोटी बाइट बाहेरच्या मेमरीतून ये-जा करतात. घरच्या डेस्कटॉपची मेमरी सेकंदाला 4,000 कोटी बाइट देते असं धरा. कितीही कोअर लावले तरी 43,200 टप्प्यांना बारा मिनिटांच्या खाली येता येणार नाही. गेमिंगसाठी घेतात त्या मध्यम ग्राफिक्स कार्डाची मेमरी याच्या दहापट वेगवान असते, तिथे ही मर्यादा सव्वा मिनिटाच्या आसपास येते. प्रत्यक्षात वाहत्या पाण्याचे आणखी आकडे साठवावे लागतात, म्हणून वेळ याच्या काही पट लागतो. पण दोन यंत्रांमधलं प्रमाण तेच राहतं. या विषयात मला एकच गोष्ट आवर्जून सांगायची आहे, ती इथे आहे: यंत्र निवडताना ते गणित किती वेगाने करतं हे नंतर बघा, शेजाऱ्याचा आकडा त्याच्या हाती किती लवकर पडतो हे आधी बघा. पुढची सगळी यंत्रं या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

1980 च्या दशकात या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरं जवळपास एकाच वेळी तयार झाली, आणि दोन्हींत 65,536 हाच आकडा आहे. पहिलं अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत टोमासो टोफोली आणि नॉर्मन मार्गोलस यांनी घडवलेलं 'कॅम-6'. आयबीएम पीसीत बसणारं हे एक कार्ड. त्यात 256 गुणिले 256, म्हणजे 65,536 चौकोन होते, पण त्या प्रत्येकाला स्वतंत्र प्रोसेसर नव्हता. टीव्हीच्या पडद्यावर चित्र जसं ओळीमागून ओळ उमटतं, त्याच लयीत चौकोन एकामागून एक मेमरीतून वाहत यायचे. वाटेत प्रत्येकाचा शेजार एका तक्त्यात बघितला जायचा आणि तक्त्यात लिहिलेली नवी अवस्था पुढे जायची. आकडेमोड जवळपास शून्य, सगळं काम तक्ता बघण्याचं. सेकंदाला 60 वेळा चौकोनांचा पूर्ण पट बदलायचा, म्हणजे सुमारे 39 लाख चौकोन. त्या काळच्या पीसीला साध्या प्रोग्रॅमने हे झेपलं नसतं.

दुसरं उत्तर डॅनी हिलिस यांच्या 'थिंकिंग मशीन्स' कंपनीचं: कनेक्शन मशीन. इथे खरोखरच 65,536 प्रोसेसर होते. प्रत्येक प्रोसेसर एका वेळी एकाच बिटवर काम करणारा, सोबत 4,096 बिटांची स्वतःची मेमरी. एका चिपवर 16 प्रोसेसर, अशा 4,096 चिप. हुकूम एकच सुटायचा आणि सगळे प्रोसेसर आपापल्या आकड्यावर तो एकदम पाळायचे. चार दिशांच्या शेजाऱ्यांशी बोलायला वेगळी जाळी होती. दूरच्या प्रोसेसरला निरोप पाठवायला वेगळी, बारा मितींची जोडणी होती. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनीही 1983 च्या उन्हाळ्यात या कंपनीत काम केलं होतं. कंपनी 1994 मध्ये दिवाळखोरीत गेली, पण एका हुकुमावर हजारो आकडे हलवण्याची रीत आजच्या प्रत्येक ग्राफिक्स कार्डात जिवंत आहे.

तिसऱ्या वाटेचा धागा आपल्या भागाशी जुळतो. 1991 मध्ये पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने 'परम 8000' हा महासंगणक उभा केला. त्यामागचे विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातले, आणि त्यांची इंजिनिअरिंगची पदवी नागपूरच्या व्हीआरसीई कॉलेजची, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीची. परममध्ये ट्रान्सप्युटर नावाच्या चिप होत्या. त्या चिपला इतर चिपशी जोडायला चार जोडण्या असायच्या. चार जोडण्या, चार शेजारी! नकाशाचे तुकडे करून प्रत्येक चिपला एकेक तुकडा दिला की लगतच्या तुकड्याशी थेट तारेने बोलता येतं.

तुकडे पाडण्यातली खुबी हजार गुणिले हजार चौकोनांच्या एका तुकड्यावरून कळेल. आत दहा लाख चौकोन आहेत, पण शेजारच्या तुकड्याकडून फक्त कडेच्या ओळींचे चार हजार आकडे मागवायचे. बाकीचा सगळा शेजार घरातच मिळतो. तुकडा जितका मोठा तितकं बाहेर विचारणं प्रमाणात कमी. आजचे महासंगणकसुद्धा याच रीतीने काम वाटतात, आणि कडेची पट्टी वाटेत असताना आतल्या चौकोनांचं गणित उरकून घेतात.

व्हीएनआयटीच्या किंवा इतर कुठल्याही कॉलेजातल्या विद्यार्थ्याच्या हाती आज पहिल्यांदा येईल ते ग्राफिक्स कार्ड, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. एनव्हिडियाच्या कार्डात 32 धाग्यांचा गट एकाच हुकुमावर चालतो (धागे म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या एकदम चालणाऱ्या प्रती). हे 32 धागे जर एका ओळीतल्या सलग 32 चौकोनांवर बसवले, तर त्यांचे चार-चार बाइटचे आकडे मेमरीतून 128 बाइटच्या एकाच खेपेत येतात. तेच धागे उभ्या स्तंभात बसवले की प्रत्येकासाठी वेगळी खेप. प्रोग्रॅम तोच, उत्तर तेच, पण वेळ कितीतरी पटींनी वाढतो. नवख्या माणसाच्या प्रोग्रॅममध्ये मी सगळ्यात आधी हेच तपासायला सांगेन.

त्यानंतरची पायरी म्हणजे पट्टीसह तुकडा उचलणं. कार्डात असे काही गट मिळून एक संच होतो, आणि प्रत्येक संचाला लहानशी पण वेगवान स्थानिक मेमरी मिळते. 16 गुणिले 16 चौकोनांचा तुकडा तिच्यात आणायचा तर चारही बाजूंची एकेक ओळ जोडून 18 गुणिले 18, म्हणजे 324 आकडे आणावे लागतात. कामाचे 256, वरकड 68. तुकडा 32 गुणिले 32 चा केला की कामाचे 1,024 आणि वरकड 132. वरकड सुमारे सत्तावीस टक्क्यांवरून तेरा टक्क्यांवर आलं. यापुढे जाऊन चार ओळींची जाड पट्टी, म्हणजे 40 गुणिले 40 चौकोन एकदम उचलले, तर मेमरीकडे न जाता चार टप्पे सलग करता येतात. दर टप्प्याला कडेची एक ओळ शिळी होते आणि आतले 32 गुणिले 32 शेवटपर्यंत खरे राहतात. काही चौकोनांचं गणित दोन-दोन संचांत दुबार होतं खरं. पण गणित स्वस्त आणि ये-जा महाग असल्याने हा सौदा बहुतेक वेळा परवडतो.

एक धोका मात्र असा आहे की तो नजरेतून सहज सुटतो. दोन चौकोन एकाच क्षणी एकाच खोलगट शेजाऱ्याला पाणी देत आहेत असं समजा. दोन धागे त्या शेजाऱ्याचा जुना आकडा एकदम वाचतात, दोघंही आपापली भर घालतात आणि लिहितात. नंतर लिहिणाऱ्याचा आकडा राहतो, आधीच्याचं पाणी हवेत विरतं. पडद्यावर चित्र ठीकच दिसतं, फक्त पूर खऱ्यापेक्षा थोडा कमी दिसतो, आणि ही चूक जीवघेणी आहे. उपाय असा: कोणीही दुसऱ्याच्या आकड्याला हात लावायचा नाही. आधी दोन चौकोनांमधल्या प्रत्येक सीमेवरून किती पाणी जाईल ते काढून वेगळं लिहायचं. मग प्रत्येक चौकोनाने आपल्या चार सीमांवरचे आकडे वाचून स्वतःचाच हिशेब बदलायचा. जुने आणि नवे आकडेही वेगळ्या जागी ठेवायचे.

मार्गोलस यांनी याच अडचणीवर आणखी नेटकी वाट काढली होती. पटाचे दोन गुणिले दोनचे गट पाडायचे आणि देवाणघेवाण फक्त गटाच्या आत करायची. पुढच्या टप्प्याला गटांच्या रेषा एका चौकोनाने तिरक्या सरकवायच्या, म्हणजे आधी वेगळ्या गटात असलेले शेजारी आता एकत्र येतात. गटाबाहेर काही जात नसल्याने हरवण्याची सोयच नाही. पाण्याची खोली अपूर्णांकात न ठेवता मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पूर्णांकात ठेवली तर तपासणीही सोपी होते. सपाट, बंदिस्त जमिनीवर पाणी ओता, हजार टप्पे चालवा आणि बेरीज करा. एका एककाचाही फरक आला तर प्रोग्रॅममध्ये गळती आहे.

ग्राफिक्स कार्डाहून वेगळी वाट एफपीजीएची. या चिपमधले तर्कद्वारांचे (लॉजिक गेट) तुकडे आणि त्यांच्यामधल्या जोडण्या आपण हव्या तशा बांधू शकतो, म्हणजे नियमाचं मंडलच (सर्किट) तयार करू शकतो. इथे कॅम-6 ची ओळीमागून ओळीची रीत परत येते. चौकोन एकेक करून चिपमध्ये वाहत येतात. आजूबाजूचे आठही शेजारी हवे असले तरी चिपच्या आत मागच्या दोन ओळी आणि तीन चौकोन एवढंच साठवावं लागतं. ओळ 8,192 चौकोनांची आणि चौकोन आठ बाइटचा धरला तर सुमारे 1.3 लाख बाइट, जे चिपमधल्या मेमरीत आरामात बसतात. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक नवा चौकोन तयार होऊन बाहेर पडतो. त्याला बाहेरच्या मेमरीत न टाकता थेट तसल्याच दुसऱ्या मंडलात सोडायचा, तिथून तिसऱ्यात. वीस मंडलं ओळीने जोडली की नकाशा चिपमधून एकदा जाता जाता वीस टप्पे पुढे गेलेला असतो. सेकंदाला 20 कोटी ठोके धरले तर 400 कोटी चौकोन, आणि वीज ग्राफिक्स कार्डाच्या मानाने बरीच कमी. नदीकाठच्या एखाद्या पंपघरात चोवीस तास चालू ठेवायचं यंत्र असेल तर हा विचार फार महत्त्वाचा. त्याची किंमत मात्र माणसाच्या वेळात मोजावी लागते. नियम बदलायचा म्हणजे मंडल नव्याने बांधायचं, आणि त्यात तासन् तास जातात.

सेरेब्रास कंपनीने तर सिलिकॉनची पूर्ण चकतीच एक चिप म्हणून वापरली. तिच्या 2021 च्या चकतीवर साडेआठ लाख कोअर आहेत, प्रत्येकाजवळ स्वतःची मेमरी आहे आणि प्रत्येक चार दिशांच्या शेजाऱ्यांशी थेट जोडलेला आहे. फॉन नॉयमन यांनी कागदावर आखलेल्या पटाच्या इतक्या जवळ जाणारं यंत्र मला दुसरं माहीत नाही. साध्या संगणकात प्रोसेसर एकीकडे आणि मेमरी दुसरीकडे असते, त्या रचनेलाही त्यांचंच नाव आहे. प्रोसेसर आणि मेमरीमधल्या ये-जाच्या ज्या अडथळ्यावर हे सगळे उपाय चालले आहेत त्यालाही संगणकशास्त्रज्ञ जॉन बॅकस यांनी 1977 च्या ट्युरिंग व्याख्यानात फॉन नॉयमन यांचंच नाव दिलं.

आता यातली अवघड गाठ. नागपूरचं सगळं पाणी जमिनीवरून वाहत नाही. ते रस्त्याच्या कडेच्या जाळीतून खाली उतरतं, पाइपातून दूर जातं आणि नाग नदीत किंवा पिवळी नदीत निघतं. म्हणजे एका चौकोनाचा खरा शेजारी पाचशे मीटर पलीकडे असतो. लगतच्या चार शेजाऱ्यांसाठी बांधलेलं प्रत्येक यंत्र इथे अडखळतं. 32 धाग्यांची सलग खेप मोडते, एफपीजीएच्या दोन साठवलेल्या ओळींत तो शेजारी सापडत नाही. व्यवहारात यावर दोन वेगळी गणितं करतात. जमिनीवरचं पाणी ग्राफिक्स कार्ड बघतं. पाइपांचं जाळं चौकोनांच्या मानाने फारच लहान असल्याने ते साधा प्रोसेसर सांभाळतो. दोघं ठरावीक टप्प्यांनी, फक्त जाळ्या आणि मॅनहोल असलेल्या चौकोनांचे आकडे एकमेकांना देतात.

पुलांचंही असंच आहे. उंचीच्या नकाशात पुलाचा वरचा रस्ताच जमीन म्हणून नोंदलेला असेल, तर पाण्याला तिथे धरणाची भिंत दिसते आणि नदी पुलामागे, प्रत्यक्षात तुंबत नाही अशा ठिकाणी, तुंबलेली दिसते. कितीही वेगवान यंत्र ही चूक वेगानेच करेल. म्हणून दोन मीटरच्या नकाशावर काम सुरू करण्याआधी अंबाझरीच्या सांडव्यापासून पुढे नदीवरचा एकेक पूल प्रत्यक्ष जाऊन बघावा लागतो, त्याखालची मोकळी उंची मोजावी लागते आणि ते चौकोन हाताने खाली उतरवावे लागतात.